अमावास्येच्या पाण्यावर दिवाळ्यात: निवट्या, चिंबोऱ्या आणि मुठे

गुरुवार

ताईचं सासर बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातलं, आणि बरेच महिने मी भावजींच्या मागे लागलो होतो की मला चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, नुसत्या खायच्या नाहीयेत, धरताना बघायच्यात, आणि मावशी म्हणजे ताईच्या सासूबाई ज्या भरलेल्या चिंबोऱ्या करतात त्या तर पहिल्यापासून शेवटपर्यंत शेजारी बसून बघायच्यात. शेवटी या आठवड्यात त्यांचा फोन आला, शनिवारी अमावास्या हाय, गुरुवारीच ये. जूनचा शेवट, ज्येष्ठ अमावास्या, पाऊस आलेला पण अजून म्हणावा तसा बसलेला नाही. ऑफिस सुटल्यावर ठाण्याहून पनवेल लोकल पकडली, ती थेट बेलापूरला सोडते, तिथून रिक्षाने दिवाळे.

जेट्टीवर मोठ्या बोटी सगळ्या बांधून ठेवलेल्या. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते, कारण हा बऱ्याच माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. पण वल्ह्याच्या छोट्या होड्यांना ही बंदी लागू नाही, त्यामुळे पावसाळ्यात घरची चूल खाडीवर चालते. पनवेलची खाडी इथेच ठाणे खाडीला येऊन मिळते, म्हणजे गाव दोन पाण्यांच्या तोंडावर बसलंय.

रात्री जेवताना भावजींनी भरतीचा हिशेब सांगितला आणि मला तो इतका आवडला की इथे लिहितोच. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा, प्रत्यक्षात पाणी बाराच्या आसपास भरतं आणि खाडीत जितकं आत जाल तितका अजून उशीर होतो. भरतीनंतर सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पुरती ओहोटी. रोज पाऊण-एक तास पुढे सरकतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी आळशासारखं जागच्या जागी. एवढं एक गणित डोक्यात असलं की कुठल्या दिवशी काय खायला मिळणार हेही कळतं, भावजी म्हणाले आणि ते खरंच आहे, कारण उधाणाला पाणी खूप उतरतं म्हणून जो चिखल उघडा पडतो तो भांगाला दिसतच नाही.

शुक्रवार

आज चतुर्दशी, सुकती संध्याकाळी पाचच्या सुमारास. सकाळभर काही काम नव्हतं, मी मावशींबरोबर दिवाळ्याच्या मासळी बाजारात हिंडलो, दुपारी झोपलो. साडेतीनला भावजींनी हाक मारली, "चल, पानी सुकत आलाय."

निवट्या धरायला निघालो. ज्यांनी बघितल्या नसतील त्यांच्यासाठी सांगतो, निवटी म्हणजे बोटभर ते वीतभर लांबीचा चिखलातला मासा, डोळे डोक्याच्या वर आलेले, आणि पुढच्या परांवर जोर देऊन चिखलावर चक्क चालतो, उड्या मारतो. अंग ओलं असेपर्यंत कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या बाजूने हवा घेतो म्हणून ओहोटीला बाहेर बिनधास्त. पाणी आलं किंवा माणूस आला की सटकन बिळात.

तिवरांच्या मधल्या वाटेने गेलो. तिवर म्हणजे खारफुटीतलं एक झाड, ओळखायला सोपं, चिखलातून वर पेन्सिली उभ्या केल्यासारखी त्याची श्वासमुळं. इथल्या खाडीत जास्त तिवरच, कुठे कुठे चिप्पी आणि कांदळ. २००५ ला मुंबई हायकोर्टाचा आदेश आला, खारफुटी तोडायला बंदी झाली, तेव्हापासून भराव टाकणाऱ्यांना थोडा तरी धाक आहे असं भावजी म्हणतात, आणि तिवर आहे तिथेच निवटी आहे, चिंबोरी आहे, कोळंबीची पिल्लं आहेत हे त्यांना कुठल्या सेमिनारमध्ये जाऊन ऐकावं लागलेलं नाही.

धरायची पद्धत हाताची. बिळाला एकापेक्षा जास्त तोंडं असतात, एका तोंडावर पाय घट्ट दाबायचा आणि दुसऱ्यातून हात घालायचा, खांद्यापर्यंत जातो कधी कधी. हाताला गुळगुळीत लागलं की मुठीत पकडून सावकाश ओढायचं, घाईने दाबलं तर निसटते. भावजींचं निघताना एकच सांगणं होतं, पायाला हाताला कुठे कापलेलं असेल तर चिखलात उतरायचं नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, चिखलातून जखमेवाटे लेप्टो होतो आणि तो जीवावर बेततो, कोळीवाड्यात सगळ्यांना माहीत आहे, शहरातून हौसेने येणाऱ्यांना माहीत नसतं. घरी आल्यावर साबणाने खसाखसा पाय धुवायचे हेही त्यातच आलं.

तासाभरात डबा अर्धा भरला. सहा वाजता पाणी फिरलं तसे परत.

निवट्यांचा सगळा खेळ साफ करण्यात आहे. अंगाला बुळबुळीत चिकट असते ती गेली नाही तर कालवणाला उग्र वास मारतो. मावशींनी टोपात निवट्या टाकल्या, वर मूठभर जाडं मीठ, आणि पटकन झाकण, आतमध्ये धडधड चालू. शांत झाल्यावर चुलीतली राख लावून एकेक चोळली, पोट फाडून आतलं काढलं, मग चार-पाच पाण्यांनी धुतल्या, शेवटच्या पाण्यात चिंचेचा कोळ. कालवण अगदी साधं, खोबऱ्याचं वाटण नाही, कांदासुद्धा नाही. तेलात ठेचलेला लसूण भरपूर, हळद, घरचा मसाला, चिंच, पाणी, उकळी आली की निवट्या सोडायच्या आणि पाच-सात मिनिटांत खाली. ढवळायचं नाही, टोप दोन्ही कानांना धरून हलवायचा, नाहीतर तुकडे पडतात. घरचा मसाला एप्रिल-मेमध्ये वर्षाचा करून ठेवलेला, बेडगी आणि संकेश्वरी मिरची, आणि बाकी खडे मसाले मावशी मोजून सांगत नाहीत, हाताने घेतात.

तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्लं. निवटीला मधला एकच काटा त्रास देतो, बाकी मांस लोण्यासारखं सुटतं आणि चवीला खाडीचा एक खारट गोडवा असतो जो बाजारातल्या बर्फात ठेवलेल्या कुठल्याच माशात येत नाही, मला तरी नाही आढळला.

शनिवार

पहाटे साडेपाचला उठलो. सुकती संपून भरती लागताना चिंबोरी चरायला बाहेर पडते, म्हणून फग लावायचे ते त्याच वेळी. फग म्हणजे लोखंडी गोल कडी, तिला खाली जाळं, मध्ये आमिष बांधलेलं आणि वर दोरी. आमिषाला माशांच्या मुंड्या, वाम असेल तर उत्तम कारण ती लवकर सुटत नाही, हल्ली कोंबडीचे पायही बांधतात. होडीतून खाडीच्या कडेकडेने दहा-पंधरा पावलांवर एकेक फग सोडत जायचं, शेवटचा सोडून झाला की पहिल्यापाशी परत यायचं आणि दोरी झटक्यात वर. हळू ओढलं की चिंबोरी कडीवरून उडी मारून जाते.

दुसरी पद्धत आकडीची. लांब लोखंडी सळई, टोकाला वाकवलेली, ओहोटीला बिळात घालून चिंबोरीला खाजवत खाजवत बाहेर आणायची. भावजींचे वडील त्यात पटाईत होते म्हणे, बिळाच्या तोंडावरचा चिखल बघून आत आहे की नाही आणि नर की मादी सांगायचे.

पहिल्या फेरीत दोनच मिळाल्या. दुसऱ्या फेरीला पाणी जोरात चढायला लागलं आणि मग प्रत्येक दोन-तीन फगांमागे एक. काळपट हिरव्या, जाड नांग्यांच्या, हीच ती काळी चिंबोरी. भावजी प्रत्येक उलटी करून बघत होते. पोटावरची झडप निमुळती त्रिकोणी असेल तर नर, रुंद गोल असेल तर मादी. मादीची पाठ आणि झडप जिथे मिळते तिथे अंगठ्याने दाबून फटीत केशरी दिसलं की लाख, म्हणजे आतली अंडी, भरलेली. "हिच्यान लाख हाय," म्हणून ती वेगळ्या पाटीत. तळहातापेक्षा लहान ती परत पाण्यात. पाठ दाबल्यावर मऊ लागली तीही परत, कारण तिने नुकतीच कात टाकलेली असते, आत पाणीच जास्त, ना तिचा फायदा ना आपला.

सगळ्या लाखवाल्या मात्र ठेवल्या नाहीत. या चिंबोरीची मादी अंडी सोडायला खाडीतून खुल्या समुद्राकडे जाते, पिल्लं तिकडे होतात आणि वाढायला पुन्हा खाडीत येतात. म्हणजे आज जी लाखेची मादी आपण खातो ती उद्या समुद्रात जाणारी होती. भावजी लागतील तेवढ्याच ठेवतात, आज जेवायला घरात आठ माणसं होती त्या हिशेबाने, बाकी सोडल्या. हे बघून फार बरं वाटलं, कारण लाखेच्या मादीला बाजारात नरापेक्षा चांगला भाव मिळतो आणि हातात आलेली सोडणं सोपं नाही.

अमावास्येला चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेला पोकळ असं आपल्याकडे सगळे म्हणतात, मावशी तर पौर्णिमेच्या चिंबोऱ्या फुकट दिल्या तरी घेत नाहीत. आजच्या तरी वजनाला दगड होत्या.

आता स्वयंपाक. यासाठीच आलो होतो.

मावशींनी आधी चिंबोऱ्या बर्फाच्या पाण्यात ठेवल्या, त्या सुस्त झाल्यावर नांग्या आणि पाय मोडून वेगळे केले. जिवंत असतानाच साफ करायची, मेलेली चिंबोरी घरात आणायचीच नाही, ती झपाट्याने खराब होते. मग झडप काढून पाठ उचकटली. आत दोन्ही बाजूंना राखाडी पिसांसारखे कल्ले असतात ते काढून टाकायचे, तोंडाजवळची पिशवी काढायची. लाख चमच्याने एका वाटीत. पाठी धुऊन बाजूला, त्याच वाट्या होणार. मोठ्या नांग्यांना वरवंट्याने हलका तडा, फोडायच्या नाहीत, रस्सा आत शिरण्यापुरतं. बारीक पाय सगळे पाट्यावर वाटले, पाणी घालून फडक्यातून गाळले. हे करड्या रंगाचं पाणी म्हणजे रश्श्याचा जीव आहे, हॉटेलात नेमकं हेच वगळतात आणि म्हणून तिथला रस्सा खोबऱ्याचा लागतो, चिंबोरीचा लागत नाही.

सारणाला बेसन आधी कोरडंच मंद भाजलं, त्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं हिरवं वाटण, मसाला, हळद, मीठ आणि ती सगळी लाख. पाणी घालावं लागलं नाही, लाखेनेच गोळा झाला. तो पाठीत आणि धडाच्या खोबणीत दाबून भरला, पाठ धडावर परत बसवली आणि पांढऱ्या सुती दोऱ्याने आडवे-उभे वेढे दिले. ताई आणि मी भरत होतो, दोरा मात्र मावशी स्वतः बांधत होत्या, सैल राहिला तर सारण रश्श्यात उतरतं आणि सगळं पिठलं होतं.

चुलीवर मोठा टोप, तेल, लसूण, बारीक कांदा, मसाला तेलात परतला, मग ते गाळलेलं पाणी. इथे मावशींनी जाळ कमी केला आणि उकळी फुटेपर्यंत एकसारखं ढवळत राहिल्या, कारण त्या पाण्यात मांसाचा अंश असतो, आच जास्त झाली की अंडं फुटल्यासारख्या गुठळ्या होतात. उकळी आल्यावर थोडं वाटण, आमसुलं, आधी नांग्या आणि मग बांधलेल्या चिंबोऱ्या अलगद. झाकण ठेवून वीसेक मिनिटं. वरची पाठ काळ्याहिरव्याची लालभडक झाली.

जेवताना कोणी बोलत नव्हतं. दोरा सोडून पाठ उघडायची, आतलं सारण बाहेरून घट्ट आणि मधे मऊ, लाखेचे दाणे दाताखाली येतात, आणि मग रस्सा-भात. मी आजवर खाल्लेल्या चिंबोऱ्यांमध्ये ही एक नंबर, आणि याचं अर्धं श्रेय त्या गाळलेल्या पाण्याला देईन.

दुपारी ओट्यावर भावजींची आजी बसली होती. कासवाचा विषय निघाला तो भावजींच्या मोबाईलवर जाळ्यातून सोडलेल्या समुद्री कासवाचा व्हिडिओ होता त्यावरून. आजीचं माहेर शहापूरकडचं. तिच्या लहानपणी ओढ्यात गोड्या पाण्याचं कासव सापडलं की काही घरांत शिजायचं, पण घरातल्या चुलीवर नाही, अंगणात तीन दगड मांडून, वेगळ्या भांड्यात. पाठ निखाऱ्यावर टाकून तापवायची म्हणजे वरचं सुटतं, पोटाच्या बाजूने उघडायचं, मांस चिवट म्हणून दुपारभर शिजत ठेवायचं, मिरची-लसूण आणि मीठ एवढंच. तिच्या आईने कधी तोंडाला लावलं नाही, देवळात गाभाऱ्यासमोर ज्याला पाय लागू नये म्हणून आपण बाजूने जातो ते खायचं कसं, म्हणायची. आजीने खाल्लं होतं, चव कोंबडीसारखी नाही आणि माशासारखीही नाही एवढंच तिला आठवतं.

आता हा विषय पूर्ण बंद आहे आणि बंदच असायला हवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली समुद्री कासवं आणि आपल्या तळ्या-ओढ्यातलं मऊ पाठीचं कासवही पहिल्या अनुसूचीत आहे, पकडणं, विकणं, शिजवणं यातलं काहीही केलं तर ३ ते ७ वर्षांची कैद. कासवाला वयात यायलाच कित्येक वर्षं लागतात, चिंबोरीसारखं ते भराभर भरून येत नाही, तेव्हा एखाद्या ओढ्यातली चार मोठी कासवं गेली की तो ओढा रिकामाच झाला समजा. आणि आपल्या राज्यात चांगली गोष्ट अशी की डिसेंबर २०१८ पासून, जाळ्यात अडकलेला संरक्षित जीव जाळं कापून सोडला तर मच्छीमाराला नुकसानभरपाई मिळते, २५ हजार रुपयांपर्यंत, पुरावा म्हणून फोटो-व्हिडिओ द्यावा लागतो. भावजींच्या मोबाईलवरचा व्हिडिओ तसाच होता, एका ओळखीच्याने पाठवलेला. आजीने तो दोनदा बघितला.

संध्याकाळी सातला पाऊस कोसळला. भावजींचं आजोळ भंडार्लीला, तिथून मामांचा फोन, मुठे निघालेत. बाईकवर रेनकोट चढवून महापे, शीळफाटा, दहिसर मोरी करत नऊला पोचलो. शीळफाट्याला ट्रॅफिक नेहमीचाच.

मुठे म्हणजे शेतातले गोड्या पाण्यातले खेकडे, उन्हाळाभर बांधाच्या बिळात खोल बसतात आणि पहिल्या जोरदार पावसाच्या रात्री बाहेर पडतात. हातात बॅटरी, पायात गमबूट कारण याच रात्री सापही बाहेर असतात. उजेड पडला की मुठा क्षणभर थांबतो, मागून पाठीवर पंजा टाकून दोन बाजूंना धरायचं. मामांचा नियम कडक, झडप उघडून बघायची आणि पिल्लं असतील तर तिथेच खाली ठेवायची. मी बघितलं, एका मादीच्या पोटाखाली मोहरीएवढे शेकडो पिल्लू-खेकडे चिकटून बसलेले. काळ्या चिंबोरीसारखी यांची पिल्लं समुद्रात वाहत नाहीत, अंड्यातून थेट छोटा खेकडाच बाहेर येतो आणि काही दिवस आईच्या पोटाशीच राहतो. म्हणजे एक मादी उचलली तर तो अख्खा बांध उचलला.

शेतं तशीही उरलीत किती. रस्त्याच्या एका बाजूला गोडाऊन आणि भराव, दुसऱ्या बाजूला भात. मामा म्हणाले, ज्या बांधावर औषध मारलेलं असतं तिथे मुठा दिसत नाही.

रविवार

सकाळी मामींनी मुठ्यांचं केलं. यात मांस कमी, सगळी चव रसात, म्हणून नांग्या ठेवून बाकी सगळं उखळात कुटलं, गाळलं, त्या पाण्यात दोन चमचे तांदळाचं पीठ कालवून लसणाच्या फोडणीत ढवळत ढवळत शिजवलं. दाट, झणझणीत, सर्दीला औषध म्हणून वाटीने पितात. मामींनी ते चांगलं पाऊण तास रटरटू दिलं आणि ते बरोबरच आहे, गोड्या पाण्यातला खेकडा अर्धा कच्चा राहिला तर त्यातून फुप्फुसात जाणारा जंत होऊ शकतो, तेव्हा चुलीवर नुसता भाजून कुरतडायची हौस करू नये.

परत येताना ऐरोलीला उतरलो, तिथलं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र बघायचं राहिलं होतं. खारफुटीतून लाकडी वाट काढलीय, त्यावरून चालत गेलं की खाली चिखलात शुक्रवारी ज्या बिळात हात घातला तीच बिळं दिसतात. फ्लेमिंगो आता नाहीत, ते हिवाळ्यात येतात आणि मे-जूनपर्यंत जातात. ऐरोली ते वाशी पट्ट्यातलं १६९० हेक्टर २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. फ्लेमिंगोसाठी लोक गाडी काढून येतात, त्याच चिखलात राहणाऱ्या निवटीची चौकशी कोणी करत नाही, मला वाटतं तिथे निवटीचा एक मोठा फलक हवा आणि तो एखाद्या कोळणीकडून लिहून घ्यायला हवा.

ठाण्यात उतरून जांभळी नाक्याला गेलो. आदिवासी बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसल्या होत्या, हंगामाची शेवटचीच असणार. काकडं सोबत घ्या, ती आंबट फळं घातल्याशिवाय शेवळांची खाज जात नाही. मावशींनी बांधून दिलेले सोडे होतेच, रात्री सोडे घालून शेवळं केली.

ज्यांना कोळीवाड्यात ओळख नाही त्यांनी बाजारातून चिंबोऱ्या घेताना एवढं करा. अमावास्येच्या आगेमागे दोन दिवस जा, हातात घेऊन बघा, आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे, पाय हलवत असली पाहिजे, पोटाची बाजू दाबून कडक लागली पाहिजे. नांगीच्या बुडाशी मांस काळं किंवा पाणचट दिसलं तर सोडून द्या. आणि बारीक पाय फेकायला सांगू नका, कोळीण विचारतेच, काढून टाकू का, तर नको म्हणा, पिशवीत घालून घ्या आणि घरी मिक्सरमधून काढून दोनदा गाळा, कवचाचा बारीक चुरा राहतो म्हणून फडकं दुहेरी.